चौथा ठोका

श्यामसुंदर : पत्र मिळालं होतं, वेणूबाई. मिळालंच नाही असं मी म्हणणार नाही. दिवाळीच्या आधी आलं. त्या टेबलावर शब्दकोशाखाली आहे बघा. उत्तर लिहायला मी रोज बसतो.

वेणूबाई : नि रोज उठता.

श्यामसुंदर : हो. रोज उठतो.

पोपट : काका, आता संक्रांत आली. आमच्या मच्छीमार सोसायटीनं तुमाला एकच विचारलंय. आमच्या होडीला साधं डिझेल इंजिन बसवायचं, का हे जोड इंजिन, लहान डिझेल नि वर बॅटरीची मोटर. 'डिझेल' लिवा, खाली सही ठोका, खलास. आमी पन सुटलो, तुमी पन सुटलात.

श्यामसुंदर : पण 'डिझेल' लिहिलं तर ते बरोबर असायला हवं ना? माझी सगळी नोकरी बोटींच्या वायरिंगचे नकाशे काढण्यात गेली. कागदावर. प्रत्यक्ष बोटीवर मी चढलो असेन चार-पाच वेळा. त्यातही धक्क्याला बांधलेल्या. सेक्रेटरींना माझं नाव कोणी सुचवलं कोण जाणे.

वेणूबाई : कोनी का सुचवंना. सेक्रेटरी बोलला, जाणकाराचं लेखी आल्याबिगर कर्ज सुटत नाय. म्हनून सारसोळ्यावरनं वाशीपातुर आले. जुनं इंजिन मेलं, साहेब. होडी चिखलात बसलीय.

श्यामसुंदर : तुम्ही स्वतः जाता होडीवर?

पोपट : जाते ना. गाव तोंडात बोट घालतं, तरी जाते. मी बोललो, वयनी, तू बाजारात बस, मासळी विक, होडी मी बघतो. नामादादा गेल्यापासून मीच बघतोय.

वेणूबाई : गेला नाय. आला नाय अजून.

पोपट : बघा, हे असं.

श्यामसुंदर : नामा म्हणजे तुमचे...

वेणूबाई : मालक माझे. ह्याचा मोठा भाव.

श्यामसुंदर : हं. मी काय म्हणत होतो? हां. दोन्ही बाजू सांगतो, मग तुम्हीच ठरवा. जोड इंजिनात डिझेल लहान असतं. जाताना ते पंखा फिरवतं आणि बॅटऱ्याही भरतं. जाळ्यापाशी पोचलात की डिझेल बंद करायचं, मोटर लावायची. धूर नाही, आवाज नाही, तेल वाचतं. ही झाली एक बाजू.

पोपट : दुसरी सांगा. जोरात सांगा.

श्यामसुंदर : बॅटऱ्या जड. तीन-चार माणसं कायमची होडीत बसवून ठेवल्यासारखं आहे ते. आणि खारं पाणी बॅटरीत शिरलं तर विषारी वायू सुटतो. पाणबुडीत माणसं घुसमटतात त्याने.

पोपट : आयकलंस? विषारी!

वेणूबाई : आमची होडी उघडी हाय साहेब. पानबुडी नाय. वारा लागतो.

श्यामसुंदर : तेही खरं.

पोपट : काका!

श्यामसुंदर : काय करू? लिहायला बसलो की असंच होतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'तेही खरं' उभं राहतं. बरं, वेणूबाई, तुमचा एवढा आग्रह मोटरचाच का? आवाजाने मासे बुजतात म्हणून?

पोपट : मासे? तुर्भ्याच्या नाल्यातनं रोज काय काय रंगाचं पानी खाडीत येतं, बघितलंत कधी? बुजायला पन मासा पायजे.

श्यामसुंदर : मग आवाज नको कशासाठी?

पोपट : वयनी, नको. हितं नको सांगू. घरात एवढी पुस्तकं हायेत त्यांच्या, हसतील.

श्यामसुंदर : मी नाही हसणार. मला हसायला फारसं जमत नाही.

वेणूबाई : सांगते. इंजिनं नव्हती ना, तवा धुवारीत, दाट धुक्यात, दोन हातांवरचं दिसायचं नाय. होडीवर होडी यायची. मंग आमच्यात ठोकायचे. लाकडाचा तुकडा घ्यायचा नि काठाच्या फळीवर मारायचा. होडीत जेवढी मानसं तेवढे ठोके. पल्याडचा आयकनार, मंग तो त्याचे ठोकनार. कळायचं, कोन हाय, किती हायेत, कालच्याएवढे हायेत का एक कमी हाय. इंजिन आलं नि ठोकनं बंद झालं. त्या धडधडीत कोनाला आयकायला येनार?

श्यामसुंदर : बरोबर.

वेणूबाई : गेल्या थंडीत आमचं इंजिन मधीच बंद पडलं. तिवरांचं टोक हाय तिथं. धुवारी. होडीत मी नि पोपट. नि आयकलं. ठक्. एकच.

श्यामसुंदर : एक.

वेणूबाई : एक मानूस हाय होडीत, असं. पन होडी कुठं दिसंना. मी आमचे दोन ठोकले. परत एक आला.

पोपट : काका, तिकडं रेल्वेच्या पुलाचं काम चालू हाय. वाशीला गाडी येनार म्हनतात ना. खांब ठोकत असतील.

वेणूबाई : रविवारी?

पोपट : ओव्हरटाइम असंल.

वेणूबाई : तूच बोललास तवा. 'वयनी, दादा' बोललास. माझा हात धरलास.

पोपट : घाबरलो व्हतो. घाबरला की मानूस काय पन बोलतो.

श्यामसुंदर : नामांचं... म्हणजे ते कसे...?

वेणूबाई : होडी गावली, साहेब. खाडीत गोल गोल फिरत व्हती, इंजिन चालू. जाळं घडी करून ठेवलेलं. जेवनाचा डबा धुवून, पुसून, उपडा घातलेला. चपला जोडीनं. मानूस नाय. आज गेला, उद्या गेला, दोन पावसाळे झाले. अंगावरचा सदरा पन कुठं लागला नाय.

श्यामसुंदर : अरेरे.

वेणूबाई : गाव बोलतं क्रिया कर. बांगड्या फोड. ह्यो पन बोलतो.

पोपट : बोलतो! सुचित्रा नववीत हाय, काका. दादाची पोरगी. बाप नाय, आय अशी पान्याकडं कान लावून बसनार, तिनं काय करायचं? 

वेणूबाई : तवापासून सात-आठ बार आयकलं मी. इंजिन लावून जवळ जावं तर धडधडीत कळत नाय कुठं हाय. बंद करावं तर पानी आपल्याला ओढून नेतं. वल्हं मारून बघितलं, ओहोटीच्या पुढं वल्हं काय करनार? साहेब, मना बिगर आवाजाचं जायाचं हाय. त्याच्यापातुर.

श्यामसुंदर : आणि सापडले तर?

वेणूबाई : घरी आनीन.

पोपट : नि तूच नाय आलीस तर?

वेणूबाई : साहेब, माझं ठरलंय. तुमचा कागद 'मोटर' बोलला तर मी त्याला आनायला जानार. 'डिझेल' बोलला तर देवाची मर्जी समजीन, बांगड्या फोडीन, परत त्या टोकाला जानार नाय. पोपटसमोर सांगते.

श्यामसुंदर : अहो, असं नका करू! माझ्या कागदावर एवढं ओझं... मला चहात साखर किती घ्यावी ते ठरवता येत नाही. आमची बायको आतून हसते आहे बघा, ऐकू येतंय मला.

वेणूबाई : कोनाच्या तरी कागदावर टाकावंच लागतं.

श्यामसुंदर : निदान मला एकदा चालवून बघायला हवं. न बघता हो नाही, न बघता नाहीही नाही.

पोपट : तुर्भ्याचा जयप्रकाश मेकॅनिक मोटर देतो बोललाय. कंपनीतली माल वाहायची बॅटरीची गाडी भंगारात काढली, तिची मोटर. साधं जुनं डिझेल पन हाय त्याच्याकडं. ट्रायलला फुकट. पन काका, तुमाला होडीत बसावं लागंल.

श्यामसुंदर : हो. तेच मघापासून माझ्या लक्षात येतंय.

*

पोपट : काका, छत्री मिटा. शीड समजून वारा आपल्याला उरणला नेईल.

श्यामसुंदर : धुक्याने चष्मा भिजतो म्हणून धरली होती. मिटतो.

पोपट : नि तो टायर काढा गळ्यातला. अजून सारसोळ्याच्या धक्क्याला बांधलेले हाव आपन.

श्यामसुंदर : टायर राहू द्या.

वेणूबाई : राहू दे रे. साहेब, हे काठाच्या फळीवर काय ठोकलंत? घड्याळ?

श्यामसुंदर : मीटर आहे. मोटर किती वीज खाते ते दाखवतो. ओझं वाढलं की मोटर जास्त खाते, काटा पुढे सरकतो. सकाळपासून आपण ज्या फेऱ्या मारल्या ना धक्क्याभोवती, कधी तुम्हाला उतरवून, कधी पोपटरावांना उतरवून, त्या ह्याच्यासाठी. एका माणसामागे काटा एक घर सरकतो. जवळजवळ बरोबर एक घर.

पोपट : म्हंजे वजनकाटाच झाला. बाजारात लावला तर कोळणी मारतील तुमाला.

श्यामसुंदर : आणि बाहेरून खडूची रेघ मारली आहे, आपण तिघं बसलो की पाणी कुठे येतं तिथे. एकावर विसंबलं की मला झोप लागत नाही, म्हणून दोन खुणा.

वेणूबाई : नि ते मधी मधी काचंवर पेन्सिल मारता ते काय?

श्यामसुंदर : काटा जुना आहे, अडकतो. टिचकी मारली की सुटतो. आमच्या ऑफिसात सगळे मारायचे. सवयच ती.

वेणूबाई : तिकडं गेल्यावर मारू नका.

श्यामसुंदर : का बरं?

वेणूबाई : फळीवरच बसवलंय ना ते. ठोका जातो पान्यात. आपन तीन हाव, तीनच ठोके पडले पायजेत. आमच्यात मोजनीत खोटं चालत नाय. कमी ठोकला तर बुडालेला मानूस लपवला, असं. नि जास्त ठोकला तर...

पोपट : तर जागा हाय, ये. असा अर्थ व्हतो.

श्यामसुंदर : नाही मारणार. लक्षात ठेवतो.

पोपट : चला. डिझेलवर जातो टोकापातुर, मंग ते बंद नि मोटर चालू. वयनी, दोरी सोड.

*

पोपट : झालं. डिझेल बंद. आता मोटर... चालू झाली का ही?

श्यामसुंदर : झाली. काटा उठला.

पोपट : आवाजच नाय! पानी मागं चाललंय म्हंजे आपन पुढं चाललोय. आयला. ह्याला इंजिन कोन बोलंल?

श्यामसुंदर : मला माझा श्वास ऐकू येतोय.

वेणूबाई : हळू बोला.

श्यामसुंदर : ती पुटपुट कसली?

वेणूबाई : चिंबोऱ्या, खेकडे. चिखलात बुडबुडे सोडतात. भितीचं काय नाय.

पोपट : वाशीच्या पुलावरचे ट्रक पन आयकू येतात हितपर्यंत. बघा. हॉर्न.

श्यामसुंदर : मासे नसले तरी, पोपटराव, हे यंत्र चांगलं आहे. मी खरंच सांगतो. कंप नाही, वास नाही. मला वाटतं मी 'मोटर' लिहू शकेन. म्हणजे, बॅटऱ्यांवर नीट झाकण केलं तर. पेटी जरा उंच बसवली तर...

वेणूबाई : श्शू.

पोपट : काय?

वेणूबाई : चिंबोऱ्या गप झाल्या.

श्यामसुंदर : ट्रकही.

पोपट : धुवारी दाट झाली म्हनून. आवाज अडतो त्यात.

वेणूबाई : गप रे!

श्यामसुंदर : ...वेणूबाई, हे...

वेणूबाई : आयकलंत?

श्यामसुंदर : ऐकलं. एक. लाकडावर लाकूड. पुलाचं नाही हे. पुलाचं लोखंडी असतं.

पोपट : आई एकवीरा.

वेणूबाई : डावीकडं घे. हळू. मी आपले ठोकते. एक. दोन. तीन.

पोपट : वयनी, वळूया. आयकलं ना, झालं. आता वळूया.

वेणूबाई : परत आला. एक. जवळ हाय, पोपट. एवढा जवळ कधीच नव्हता. सरळ ठेव. तो पळत नाय आज. आवाज नाय ना आपला, म्हनून.

श्यामसुंदर : मला काही दिसत नाही. पांढरं आणि पांढरं.

वेणूबाई : तुमी काटा बघा साहेब. तुमचं काम करा, म्हंजे भ्या वाटनार नाय.

श्यामसुंदर : हो. काटा. काटा अडकलाय. हलतच नाही, एक मिनिट...

पोपट : काका!

वेणूबाई : साहेब! पेन्सिल!

श्यामसुंदर : अरे देवा. मी... हात आपोआप गेला. माफ करा, मी विचारच नाही केला...

वेणूबाई : चार झाले.

श्यामसुंदर : तो एवढासा आवाज...

वेणूबाई : चार झाले. आता कोनी बोलू नका. कोनी मागं बघू नका.

पोपट : वयनी, होडी कलली.

वेणूबाई : कललेली नाय. बसली.

पोपट : रेघ बुडाली, काका. खडूची रेघ दिसत नाय. पंख्यात जाळं-बिळं अडकलं असंल. वयनी, सुकाणू धर, वाकून बघतो. ...साफ हाय. पंखा साफ हाय.

श्यामसुंदर : काटा सरकलाय.

पोपट : किती?

श्यामसुंदर : सरकलाय. पोपट, माझ्या पाठीला गार लागतंय. वारा नाही आणि गार लागतंय.

वेणूबाई : आलास?

पोपट : वयनी, नको बोलू त्याच्याशी!

वेणूबाई : बस. बस तिथंच. डबा धुवून ठेवलेलास, मी बघितला. तुझ्या चपला घरात हायेत, पोपटला घालू दिल्या नाय. सुचित्रा नववीत हाय. गणितात कच्ची हाय, तुझ्यावानीच. माझ्याशी नाय बोललास तरी चालंल. बसून राहा फक्त. धक्का लांब नाय.

पोपट : वयनी, तू टोकाच्या पल्याड निघालीस. धक्का मागं राहिला! काका, हिच्या हातातनं सुकाणू घ्या!

श्यामसुंदर : वेणूबाई, अहो, दिशा चुकते आहे. तिकडे मोठं पाणी आहे ना?

वेणूबाई : तो बोलंल तिकडं.

पोपट : कोन बोललं? मी तर काय आयकलं नाय! हँडल कुठंय? मी डिझेल लावतो.

वेणूबाई : पोपट, हात लावू नको. तुला माझी शपथ हाय. पोपट!

(डिझेल इंजिनाचा धडधडाट. होडी वळते.)

श्यामसुंदर : पोपट, रेघ?

पोपट : वर आली. बघा. पान्याच्या वर हाय. कोरडी नाय, पन वर हाय.

वेणूबाई : उतरला.

पोपट : बरं झालं उतरला. तो धक्का दिसला बघ. रडू नको वयनी. अगं रडत नायस तू. तुझे हात बर्फासारखे झालेत.

वेणूबाई : साहेब, काटा किती घरं गेला व्हता?

श्यामसुंदर : मला... नीट दिसलं नाही. चष्मा भिजला होता.

वेणूबाई : तुमी बघत व्हतात. दुसऱ्या कोनी बघितलं नाय. आज नका सांगू. विचार करा नि सांगा. मी येईन.

*

श्यामसुंदर : या वेणूबाई. पोपट, ये. बसा. पुस्तकं बाजूला करतो. परवापासून मला जरा ताप होता.

पोपट : मला पन. तापातच जयप्रकाशची मोटर काढून परत नेऊन दिली.

वेणूबाई : मी बसत नाय. एकच विचारायला आले. काटा किती गेला?

श्यामसुंदर : वेणूबाई, मी चुकू शकतो. मीटर जुना, धुकं, मी घाबरलेलो...

वेणूबाई : तुमी चुकता हे मना ठावं हाय. तुमी पेन्सिल मारलीत. मी रागावले नाय. उलट बरं झालं बोलले मनात. तुमी नसतं मारलं तर मीच मारनार व्हते चौथा. आता सांगा. त्याच्यावर ठरनार हाय.

पोपट : काय ठरनार? कागदावर ठरनार व्हतं ना?

वेणूबाई : कागद ह्यांचा, नि काटा पन ह्यांनीच बघितला. एक घर गेला असंल तर तो तोच. मंग कागद काय पन बोलू दे, मी बांगड्या इकून मोटर आनीन, नि आवाज न करता जाईन, एकटी. पोपटला होडीत घेनार नाय.

पोपट : नि सुचित्रा?

वेणूबाई : तिचा बाप आनायला जातेय मी.

श्यामसुंदर : एकट्या जाल? त्या मोठ्या पाण्यात?

वेणूबाई : बोला साहेब.

श्यामसुंदर : चार घरं.

वेणूबाई : काय?

श्यामसुंदर : चार. चार घरं सरकला काटा. थांबला नव्हता, पोपटने डिझेल लावलं तेव्हाही पुढेच जात होता.

पोपट : चार जनं? चार जनं बसली व्हती आपल्या मागं?

वेणूबाई : नीट आठवा.

श्यामसुंदर : नीट आठवलंय. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. एवढं स्पष्ट मी आयुष्यात काही बघितलं नसेल.

वेणूबाई : तुमी 'मला वाटतं' बोलला नाय.

श्यामसुंदर : नाही बोललो.

वेणूबाई : नामा माझ्याहून हलका व्हता. होडी ढकलायला उतरला की गडी हसायचे, बोलायचे तू बसूनच राहा, तुझं वजन ते काय.

श्यामसुंदर : मग... नामा नसावेत ते.

वेणूबाई : एक ठोकत व्हता. वरीसभर एकच ठोकतोय. नि चढले चार.

पोपट : खोटं ठोकलं.

वेणूबाई : खोटं ठोकलं. नामा तसं करनार नाय. दारू प्याला तरी करनार नाय. आमच्यात मेलेला मानूस पन मोजनीत खोटं ठोकत नाय. हे आपल्यातलं कोनच नाय, पोपट. हे दुसरं काय हाय. त्याचा आवाज घेऊन बोलवतंय.

पोपट : मी तेच बोलत व्हतो पयल्यापासून!

वेणूबाई : नि मी त्याला सुचित्राचं नाव सांगितलं. नववीत हाय, सगळं सांगितलं.

श्यामसुंदर : नावाने काही होत नाही हो. ते तिकडे, तुम्ही इकडे. डिझेलच्या आवाजाला ते टिकत नाही, तुम्ही पाहिलंत.

वेणूबाई : लिवा मंग. डिझेल.

श्यामसुंदर : नक्की?

वेणूबाई : तुमी पन नक्की बोललात ना. लिवा. चांगलं मोठ्या आवाजाचं लिवा. मी चालले. बस हाय आता. गिरजा आत्याला निरोप द्यायचा हाय, सोमवारी या म्हनून. बांगड्या एकटीनं नाय फोडत.

पोपट : वयनी, थांब, मी येतो.

वेणूबाई : तू कागद घेऊनच ये. पेटीत पडलेला बघ नि ये. ह्यांचा भरवसा नाय, परत शब्दकोशाखाली ठेवतील.

*

पोपट : काका, पत्र किती छोटं लिवलंत. तीन महिने ह्याच्यासाठी घेतलेत?

श्यामसुंदर : जे खरं तेवढंच लिहिलंय. बॅटऱ्यांचं वजन, खारं पाणी, वायू, देखभालीचा त्रास. सबब साधं डिझेल इंजिन योग्य. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

पोपट : खोटं कशाला असंल?

श्यामसुंदर : नाही, सांगितलं आपलं. हळू चल, मला दम लागतो. पोस्टाची पेटी त्या कोपऱ्यावर आहे, भाजीवाल्याच्या पुढे.

पोपट : मला रात्री झोप नाय, काका. डोळा लागला की पाठ गार पडते. आता तर चार जन बोललात. कोन असतील? मागल्या साली करावेगावचे दोघं बुडाले, ते असतील?

श्यामसुंदर : नको मोजूस.

पोपट : पन एक सांगू? वयनी आता बसकडं गेली ते बघितलंत? पान्याकडं नाय, रस्त्याकडं बघून चालत व्हती. मोकळी झाली बाई. तुमच्या काट्यानं मोकळी केली. मी उगाच बोलत व्हतो तुमाला.

श्यामसुंदर : पेटी आली. तू टाक. माझा हात परत खिशात जाईल.

पोपट : द्या. हे बघा, टाकलं.

श्यामसुंदर : पडलं आत? नीट पडलं? कधीकधी फटीला अडकतं.

पोपट : पडलं. तळाला आवाज आला. आता देव पन काढू शकत नाय.

श्यामसुंदर : पोपट.

पोपट : हां.

श्यामसुंदर : काटा एकच घर सरकला होता.

पोपट : एक?

श्यामसुंदर : एक घरसुद्धा पुरतं नाही. जरा कमीच.

पोपट : काका, पन तुमी चार बोललात. वयनीला बोललात. तोंडावर बोललात.

श्यामसुंदर : हो. त्यांना एकट्यांना जाऊ दिलं नसतंस तू, पण तुला कळण्याआधी त्या गेल्या असत्या. आवाजच नसतो ना त्या मोटरला.

पोपट : म्हंजे दादाच व्हता. माझ्या मागं बसलेला. नि मी इंजिन लावून त्याला उतरवला.

श्यामसुंदर : आपण दोघांनी. चल, पोपट. वेणूबाई स्टॉपवर एकट्या उभ्या असतील.